खुर्चीभोवतीचं आळं

१

माझी सकाळ ठरलेली असते. चहाचा कप घेऊन मागच्या दाराने बाहेर पडायचं, भाजीच्या सालींची बादली कंपोस्टच्या खड्ड्यात उपडी करायची, दाराजवळच्या पुदिन्यापासून वरच्या केळींपर्यंत एक चक्कर मारायची, आणि तोवर गार झालेला चहा कुठल्या तरी झाडाला देऊन परत यायचं. मग ऑफिस. मी एका आर्किटेक्टकडे अर्धा दिवस नकाशे काढते. दुसऱ्यांच्या भिंती, दुसऱ्यांचे जिने. बाग तेवढी माझी.

घर वस्तीच्या टोकाला आहे, टेकडीला पाठ लावून. मागची जागा मिळाली तेव्हा तिथे नुसता राडारोडा होता: फुटक्या फरश्या, सिमेंटचे गोळे, काचा. ताई बघायला आली तेव्हा म्हणाली होती, "इथे गवत उगवलं तर मला कळव. बघायला येईन." मी सगळं उपसलं. उतारावर आडवे चर खणले, म्हणजे पावसाचं पाणी धावत सुटायच्या ऐवजी जागच्या जागी मुरेल. पुठ्ठे अंथरले, वर पाला, त्यावर शेण, त्यावर पुन्हा पाला. पर्माकल्चर म्हणतात ह्याला. जमिनीशी भांडायचं नाही, तिचा कल बघून तिच्याकडून काम करून घ्यायचं. रोज लागतं ते दाराशी लावायचं, कधीमधी लागतं ते लांब. आणि सगळ्यात वरचा तुकडा तसाच सोडून द्यायचा. तिथे लावायचं नाही, तोडायचं नाही, फक्त अधूनमधून जाऊन बघायचं.

"आळशीपणाला भारदस्त नाव," ताई म्हणाली.

माझी ताई शाळेत पीटीची बाई होती. नाकावर माशी बसू न देणारी. गेल्या वर्षी तिची डावी बाजू गेली आणि ती माझ्याकडे राहायला आली, म्हणजे मी जवळपास उचलूनच आणली. वॉकर घेऊन चालता येत होतं, पण चालायचं म्हटलं की तोंड वाकडं. दिवसभर ती मागच्या पडवीतल्या वेताच्या खुर्चीत बसून बागेवर टीका करायची. पपई वाकडी आहे, शेवगा उगाच वाढलाय, भोपळ्याला काही शिस्त नाही. मला ते आवडायचं. घरात कुणीतरी बोलत होतं.

त्या सकाळी मी लिंबापाशी थांबले. लिंबाच्या बुंध्याभोवती नवं आळं केलेलं होतं. सुंदर गोल, बाहेरची कड हाताने थापलेली, आणि आत पाल्याचा थर. पाला टाकलेला नव्हता, मांडलेला होता. प्रत्येक पान पालथं, प्रत्येक देठ बाहेरच्या बाजूला.

मी ते केलेलं नव्हतं.

२

आधी मला शेजारच्या काकांचा संशय आला. ते रिटायर झाल्यापासून दुसऱ्यांच्या घरचे नळ दुरुस्त करत फिरतात. त्यांना विचारलं तर ते म्हणाले की कमरेतून वाकता येत असतं तर आधी स्वतःच्या चपला शोधल्या असत्या. ताईला विचारलं. तिला कुणी दिसलं नव्हतं.

मग मीच विसरले असेन असं ठरवलं. माणूस विसरतो. पाला टाकणं हे काही लक्षात ठेवण्यासारखं काम नाही.

पण त्यानंतर दर दोन-चार दिवसांनी काहीतरी झालेलं असायचं. वांग्यांच्या मध्ये झेंडूची रोपं आली, नेमकी जिथे कीड लागत होती तिथे. केळीचं जुनं खोड कापून, उभं चिरून, बुंध्याशी ओल धरायला पसरलेलं. खरं सांगते, मला भीती नाही वाटली. मला राग आला, आणि थोडा मत्सर वाटला. कारण सगळं बरोबर होतं. मला सुचायला हवं होतं असं.

चर दिसला तेव्हा मात्र मी कप खाली ठेवला.

वरच्या सोडून दिलेल्या तुकड्यातून एक नवा चर खाली आला होता. बोटभर खोल, हातभर रुंद, आणि तो माझ्या चरांसारखाच उताराला आडवा जात, वळणं घेत, एका पातळीवरून खालच्या पातळीवर उतरत घराकडे येत होता. घूस असेल, मी म्हटलं. पाणी असेल. मग माझ्याच डोक्याने मला गप्प केलं. पाणी उताराने वाहतं. आडवं, समपातळीवर, पाणी कधी चर काढत नाही. तो काढायचा तर कुणाला तरी मोजावं लागतं.

मी माझी लाकडी चौकट आणली. दोन पाय, मधे आडवी पट्टी, दोरीला लोंबणारा दगड. पातळी बघायची ही सगळ्यात सोपी युक्ती. ती चराच्या प्रत्येक आडव्या टप्प्यावर एकेक पाऊल सरकवत नेली. दगडाची दोरी मधल्या खुणेवरून कुठेही हलली नाही. माझ्या स्वतःच्या चरांत ती हलते.

"काय मोजतेयस?" पडवीतून ताईने विचारलं.

"बघतेय कुणाचं काम आहे."

"चांगलं काम आहे," ताई म्हणाली.

मी वळून बघितलं. ताईने माझ्या बागेतल्या कशालाही चांगलं म्हटल्याची ती पहिली वेळ होती.

३

पडवीत पाला वाऱ्याने येतोच. खुर्चीखाली चार पानं दिसली तर कुणी त्याचा विचार करत नाही. मी झाडून काढली. दुसऱ्या दिवशी पुन्हा होती, जरा जास्त. पुन्हा झाडली. मग एका दुपारी ऑफिसातून आले तर ताईच्या खुर्चीभोवती पानांचं पूर्ण कडं होतं. पालथी पानं, देठ बाहेर. तिचे पाय त्या पाल्यात घोट्यापर्यंत बुडालेले होते आणि ती डोळे मिटून बसली होती.

मी विचारलं, हे कुणी केलं. तिला माहीत नव्हतं. तू तर इथेच बसली होतीस ना, मी म्हटलं. ती म्हणाली, हो, बसले होते. ते तिने इतक्या सावकाश सांगितलं की मी वाकून तिचं तोंड नीट बघितलं. पुन्हा झटका आला की काय, ही माझी पहिली धास्ती. पण तोंड सरळ होतं. उलट गालांवर रंग चढला होता.

"पायांना गार वाटतं," ती म्हणाली. "राहू दे."

मी पाला उचलला. खाली, फरशीच्या फटीत, काळी ओली माती होती. पडवीत माती कुठून येणार? मी ती ब्रशने घासून काढली, फिनेल टाकलं, खुर्ची दुसऱ्या कोपऱ्यात नेली. ताई काही बोलली नाही, आणि तेच मला खटकलं. माझ्या ताईची खुर्ची तिला न विचारता हलवायची आणि वर तिचं एक अक्षर ऐकायचं नाही, असं आजवर झालेलं नव्हतं.

फिजिओबाई आठवड्यातून दोनदा यायच्या. बाई अगदी व्यवहारी, हात मजबूत, फालतू गप्पा नाहीत. त्यांनी ताईला तपासलं आणि खूश झाल्या. कातडी तजेलदार आहे, नाडी छान, सूज नाही. फक्त उभं राहायचं नाव काढलं की पेशंट जड होतात, त्या म्हणाल्या. म्हणजे अंग सोडून देतात का, मी विचारलं. त्या जरा घुटमळल्या. तसं नाही, म्हणाल्या, अंग सोडलं तर हात-पाय लोंबतात. ह्यांचे पाय लोंबत नाहीत. ते खाली धरल्यासारखे वाटतात.

मग स्वतःच हसल्या आणि म्हणाल्या की उन्हाचा त्रास होत असेल.

खुर्ची संध्याकाळपर्यंत पुन्हा जुन्या जागी आली होती. ताईला ती एकटीने हलवणं शक्य नव्हतं. मी ते तिला विचारलं नाही, कारण ती काय म्हणेल ह्याची मला भीती वाटायला लागली होती.

४

डोकं चालेनासं झालं की मी नकाशा काढते. सुट्टीच्या दिवशी मी कागद घेऊन गच्चीवर गेले आणि वरून बाग बघितली.

खालून जे वेगवेगळं दिसत होतं ते वरून एक दिसलं. नवा चर एकटा नव्हता. त्याला फाटे होते, पाल्याखाली झाकलेले. वरून फक्त ओलीच्या गडद रेषा दिसत होत्या. माझी बाग मी आखली तेव्हा सगळं पाणी फळझाडांकडे वळवलं होतं. आता त्या रेषा फळझाडांना वळसा घालून पुढे येत होत्या. सगळ्या पडवीच्या एकाच कोपऱ्यात जमत होत्या. तिथे छपराखाली ताईचे पाय दिसत होते.

ह्या बागकामाचा एक नियम आहे, तो मी येणाऱ्या-जाणाऱ्याला मोठ्या कौतुकाने सांगत असे. बागेतली प्रत्येक गोष्ट दोन-तीन कामांची असली पाहिजे. शेवगा सावली देतो, शेंगा देतो, वेलाला आधार देतो. मी वरून बघत होते. वेताच्या खुर्चीच्या पाठीवर घेवड्याचा कोवळा वेल चढला होता. खुर्चीच्या सावलीत, फरशीच्या फटीतून, पुदिना फुटला होता. ताई तिथे बसलेली नव्हती. ताईला तिथे लावलेलं होतं.

मी स्वतःला सांगितलं की हा तुझ्या डोक्याचा खेळ आहे. बाई एकटीने सगळं ओढते, आजारपण बघून दमलीय, नकाशे काढून काढून तिला सगळीकडे आखणी दिसते. हे सगळं खरंही असेल. मग मला दुसरं आळं दिसलं.

ते मागच्या दारापाशी, नळाजवळ होतं. मी रोज सकाळी चहा घेऊन जिथे उभी राहते तिथे. लहान होतं, कड थापलेली, आत पाल्याचा मऊ थर. अजून रिकामं. एका माणसाची दोन पावलं मावतील एवढं.

मी जिना उतरून खाली आले आणि ते आळं पायाने तुडवून सपाट केलं. मला आठवतं, मी त्या वेळी मोठ्याने म्हटलं होतं, "मला विचारलंस का?"

कुणाला म्हटलं ते मला माहीत नव्हतं.

५

काकांनी सरळ सांगितलं की काही दिवस दुसरीकडे जाऊन राहा. त्यांनी विचारलं काही नाही, पण हल्ली ते कुंपणाशी येऊन बोलत नव्हते, रस्त्यावरूनच बोलायचे. मी बॅग काढली, गाडी सांगितली आणि ताईला सांगायला पडवीत गेले.

"मी इथे बरी आहे," ताई म्हणाली.

माझ्या ताईने आयुष्यात कधी "मी बरी आहे" असं म्हटलेलं नाही. ताप असो, पाय मुरगळो, नोकरी संपो, तिचं एकच उत्तर: तुला काय करायचंय. ते "बरी आहे" ऐकलं आणि मला संताप आला. ही माझी बहीण होती. हिने मला पोहायला शिकवताना मागून ढकललं होतं. ही कुणाच्या तरी वाफ्यात गुपचूप बसून बरी राहणार?

मी गाडी परत पाठवली आणि कुदळ घेतली.

भर दुपार होती. मी पडवीच्या कोपऱ्यापासून सुरुवात केली आणि दिसेल तो फाटा फोडत वर गेले. माती ढिली होती, छान होती, अशी माती करायला मला कित्येक वर्षं लागली असती. मी फोडत गेले. लिंबू मागे पडलं, पपई मागे पडली. केळींपाशी आले तेव्हा लक्षात आलं की बागेत आवाज उरलेला नाही. एरवी दुपारी किडे असतात, पक्षी असतात, पानं सळसळतात. आता फक्त माझा श्वास होता. आणि अजून एक बारीक आवाज: कुणीतरी माती थापत होतं. थप. थप. मधे थांबायचं, मग पुन्हा.

केळीच्या पानांपलीकडे, सोडून दिलेल्या तुकड्याच्या कडेला, कुणीतरी वाकून काम करत होतं. माझ्याकडे पाठ. काही घाई नाही. मी फोडत आलेल्या चराचं वरचं टोक ते हाताने नीट करत होतं. तोंड मला दिसलं नाही, आणि दिसावं असं मला वाटलंही नाही. मी हात बघत होते. माती कुठे संपते आणि हात कुठे सुरू होतो, ते मला शोधून सापडेना.

मग ते सरळ झालं. कमरेवर हात ठेवला, मान तिरकी केली आणि घराकडे बघितलं. ते बघणं मला ओळखीचं होतं. नवा वाफा केला की मी तशीच उभी राहते. इथे काय शोभेल, हे जरा डावीकडे घ्यावं का. त्यात दुष्टपणा नव्हता. तिथे थोडासा जरी दुष्टपणा असता तरी मला सोपं गेलं असतं. त्याने पडवीकडे बघितलं, नळाकडे बघितलं, मग माझ्याकडे. आणि मधलं अंतर जोखलं.

"ती माझी बहीण आहे," मी म्हटलं. "आणि ही बाग मी आखलीय."

माझा आवाज चिरका निघाला. पण निघाला. मी पाठ फिरवली नाही. उलट्या पावलांनी, कुदळ समोर धरून, पडवीपर्यंत आले. पानांआड काय हललं ते बघत राहिले नाही.

ताईच्या मोज्यांमधून पांढरी बारीक मुळं आत गेली होती. केसांसारखी. मी खाली बसले आणि बोटांनी तोडायला लागले. ताई कण्हली.

"दुखतंय गं. राहू दे ना."

"उठ."

"नको. उद्या."

मी तोडत होते आणि एका बाजूने तुटतील तेवढी दुसऱ्या बाजूने हाताला लागत होती. मागे, बागेत, थापण्याचा आवाज पुन्हा सुरू झाला होता. आता लिंबापाशी. त्या वेळी मला दुसरं काही सुचलं नाही. मी हात झटकले आणि उभी राहिले.

"ठीक आहे. बैस," मी म्हटलं. "उद्यापासून जेवण बंद. रोज सकाळी बादलीभर पाणी ओतीन पायाशी, आणि महिन्यातून एकदा शेण. फांद्या वाढल्या तर कात्री आहेच."

ताईने डोळे उघडले. बऱ्याच दिवसांनी त्या डोळ्यांत मला कुणीतरी दिसलं.

"कुणाशी बोलतेयस तू?" ती म्हणाली.

"झाडाशी."

"माझ्याशी असं बोलायचं नाही."

"मग उठून सांग."

ती उठली. कशी उठली ते मला नीट सांगता येणार नाही. खुर्चीचे हात धरले, दात आवळले, आणि जुनं कापड फाटावं तसा आवाज झाला. तिचे मोजे तिथेच राहिले. पावलं रक्ताने भरली होती. ती माझ्या अंगावर कोसळली, पण उभी कोसळली, आणि माझ्या कानात तिने मला अशी एक शिवी दिली की शाळेतल्या मुलींनी ऐकली असती तर बेशुद्ध पडल्या असत्या.

मी तिला आत नेलं आणि दार लावलं. मागे थापण्याचा आवाज थांबला. बराच वेळ काही नव्हतं. मग दाराच्या खालच्या फटीतून एक सुकं पान आत सरकलं. पालथं. मी ते उचललं आणि गॅस पेटवून जाळलं.

६

आम्ही गेलो नाही. लोक विचारतात का, तर सांगायला माझ्याकडे शहाणपणाचं काही नाही. मी तयार होते. ताई तयार नव्हती.

"राडारोडा तू उपसलास ना?" ती म्हणाली. पायांना पट्ट्या होत्या, उशीला टेकून बसली होती, आणि फिजिओबाईंनी आणलेलं सूप खारट आहे म्हणून बाजूला ठेवलं होतं. "काचा तुझ्या हातात घुसल्या ना? मग आपण कशाला जायचं? ज्याला जायचंय त्याने जावं."

फिजिओबाईंनी जखमा बघितल्या आणि पेशंट कशात अडकल्या होत्या, असं विचारलं. ताई म्हणाली, "लाडात." बाई त्या दिवसापासून व्यायाम पुढच्या खोलीत घेतात आणि जाताना चपला झटकून बघतात.

ताई आता वॉकर वापरत नाही. लांब दांड्याचं खुरपं घेऊन चालते, आणि वाटेत आळं दिसलं की आधी ते मोडते. कारण ती अजून होतात. रोज नाही, पण होतात. नळापाशी, पायरीपाशी, एकदा तर पुढच्या फाटकापाशी, पोस्टमन उभा राहतो तिथे. आम्ही मोडतो, ती होतात, आम्ही मोडतो. झाडं मात्र जोमात आहेत, ते मी नाकारत नाही. लिंबू तर असं धरलंय की काकांनासुद्धा कुंपणावरून हात घालायचा मोह होतो. पण घालत नाहीत.

काल ताई केळींपर्यंत चालत गेली. एकटी. मी मागून धावत गेले तर ती त्या सोडून दिलेल्या तुकड्याच्या कडेला उभी होती. आत गवत पुरुषभर वाढलंय. आत वारा नव्हता, तरी शेंडे हलत होते.

"इथे काही करायचं नाही, हे कुणी ठरवलं?" तिने विचारलं.

"मीच."

"का?"

मी सांगितलं की तसा नियम आहे. एक तुकडा आपला नसतो. तिथे फक्त बघायचं.

"बघून झालं," ताई म्हणाली. "त्याचंही आपल्याला बघून झालं. उद्या कुदळ घेऊन ये. हाही तुकडा आपणच आखायचा."

७

आज सकाळी चहा न पिताच बाहेर पडलो. ऊन चांगलं वर आलं होतं. ताईने केळीखाली जागा घेतली, खुरप्यावर दोन्ही हात टेकून. बसायला स्टूल आणलं होतं, पण ती बसली नाही.

मी गवतात शिरले. आत गार होतं, घराच्या आतल्यासारखं. पायाखाली मऊ थर; मी खाली बघितलं नाही, पानं कशी मांडलीत ते मला माहीत होतं. मधोमध पोचल्यावर खुंटी ठोकली, दोरी बांधली आणि दुसरं टोक ताईकडे फेकलं. तिने ते पकडून मनगटाला गुंडाळलं.

"सरळ आहे का?" मी विचारलं.

"तुझ्या हातून सरळ कधी झालंय? खण."

मी पहिला घाव घातला. माती फुटली. मी कुदळ उचलली, आणि ती वरच असताना गवताच्या पलीकडून दुसरा घाव ऐकू आला. तेवढ्याच जोराचा. जमिनीतून तो माझ्या तळपायांत आला.

मी ताईकडे बघितलं. तिनेही ऐकला होता. चेहरा पांढरा पडला होता, हनुवटी वर होती. तिने दोरी एकदा झटकून ताणली.

मी दुसरा घाव घातला. पलीकडूनही पडला, जरा जवळ.

मी पाय घट्ट रोवले नाहीत. एक पाऊल पुढे टाकलं, आणि तिसरा घातला.